रेन-ल-शातोचा पंचकोन

१९६१ साली फ्रेंच टेलिव्हिजनसाठी ‘ला रू तूर्न’ नावाचा एक छोटा कार्यक्रम झाला. पिरेनीजच्या पायथ्याकडच्या एका डोंगरमाथ्यावरचं खेडं आणि तिथे होऊन गेलेला एक पाद्री, अशी ती गोष्ट. त्या पाद्र्याला म्हणे अफाट गुप्तधन सापडलं होतं. पाद्र्याच्या भूमिकेसाठी नट शोधावा लागला नाही. त्या पाद्र्यानेच बांधलेल्या घरात हॉटेल चालवणारा नोएल कोर्ब्यू काळा झगा चढवून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. गोष्ट सांगणारा, गोष्टीतलं पात्र आणि गोष्टीवर ज्याचा धंदा चालतो तो, तिघेही एकच. रेन-ल-शातो या खेड्यावर पुढे माहितीपटांची रांगच लागली. तिच्या अगदी तोंडाशी हे दृश्य आहे, आणि ते ध्यानात ठेवलं तर पुढचा गुंता बराच सुटतो.

गाव दक्षिण फ्रान्सच्या ओद विभागातलं. जवळचं मोठं शहर कार्कासोन, डोंगराखालचं गाव कुइझा. १ जून १८८५ रोजी बेरांजे सोनियेर इथे धर्मगुरू म्हणून आला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. माणूस परका नव्हता, त्याच खोऱ्यातल्या मोंताझेल गावचा. संत मेरी मॅग्डालेनचं जुनं चर्च मोडकळीला आलेलं, छप्पर गळकं, धर्मगुरूचं घर राहण्याच्या लायकीचं नाही. पगार महिन्याला पंचाहत्तर फ्रँक, आणि तोही सरकारी. फ्रान्समध्ये तेव्हा कॅथलिक धर्मगुरूंना सरकार वेतन देत असे. १९०५ च्या कायद्याने धर्म आणि राज्य वेगळे होईपर्यंत हे चाललं.

सरकारी पगार घेणाऱ्या या तरुणाने त्याच वर्षी ऑक्टोबरच्या निवडणुकीत व्यासपीठावरून प्रजासत्ताकवाद्यांच्या विरोधात प्रवचन दिलं. पगार थांबला. काही महिने नार्बोनला सेमिनरीत शिकवून काढल्यावर १८८६ मध्ये तो परत आला. त्या काळातल्या फ्रान्सचा ताण या एका प्रसंगात पुरता दिसतो. शाळा चर्चच्या हातून गेल्या होत्या. अनेक भाविकांना अजून राजा परत यावा असं वाटत होतं, आणि आपला धर्म कोंडीत सापडला आहे ही भावना खेडोपाडी होती. अशा भाविकांची श्रद्धा आणि त्यांची मदत, दोन्ही सोनियेरच्या बाजूने होती. त्याच्या पैशांचं मूळ शोधायचं तर इथून शोधायला हवं.

चर्चची दुरुस्ती सुरू झाली. १८८७ मध्ये नवी वेदी आली. जुन्या वेदीची शिळा ज्या कोरीव खांबावर टेकलेली होती तो खांब सोनियेरने १८९१ मध्ये आवारात उभा केला आणि त्यावर लूर्दच्या मातेची मूर्ती बसवली. याच खांबाच्या पोकळीत त्याला गुप्त कागदपत्रं सापडली, असं पुढे सांगितलं जाऊ लागलं. पण खांबाला आहे ती शिळा अडकवण्यापुरती खाच. गुंडाळलेल्या कागदांचं भेंडोळं मावेल अशी पोकळी नव्हे. २१ सप्टेंबर १८९१ च्या पानावर त्याच्या रोजनिशीत एका थडग्याचा शोध लागल्याची त्रोटक नोंद मात्र खरोखर आहे. जुन्या चर्चच्या फरशीखाली दफनाच्या जागा असायच्याच, त्यामुळे थडगं मिळालं यात नवल नाही. त्यात काही दागिने, काही नाणी असतीलही.

मग चर्च आतून रंगलं. दारातच पाण्याचं पात्र खांद्यावर पेलणारा, डोळे वटारलेला सैतान आणि त्याच्या डोक्यावर चार देवदूत. भिंतींवर येशूच्या दुःखमार्गाची चौदा रंगीत उठावचित्रं. हे सगळं तूलूझच्या जिस्कार यांच्या कारखान्यातून आलेलं. तिथून अनेक चर्चांना मूर्ती जात असत. दारावरच्या कमानीवर लॅटिन ओळ कोरली आहे : हे स्थान भयंकर आहे. ती वाचून पुढे अनेक पाहुण्यांच्या अंगावर काटा आला. बायबलमध्ये याकोब स्वप्नातून जागा होतो तेव्हाचे ते उद्गार, आणि नव्या चर्चच्या अर्पणविधीत ते म्हणायचा प्रघात होता. ज्यांच्यासाठी ती ओळ कोरली त्या गावकऱ्यांना त्यात दहशत दिसली नसणार, देवाच्या सान्निध्याचा दरारा दिसला असणार.

नव्या शतकाच्या सुरुवातीला सोनियेरने जमिनी घेतल्या, त्याही आपली घरकाम करणारी मारी देनार्नो हिच्या नावावर. व्हिला बेतानिया नावाचं घर बांधलं. बाग केली. डोंगराच्या कड्यावर अर्धवर्तुळाकार सज्जा, त्याच्या एका टोकाला काचेचं घर आणि दुसऱ्या टोकाला तूर माग्दाला नावाचा बुरूज. त्या बुरुजात त्याचं ग्रंथालय होतं. महिना पंचाहत्तर फ्रँकवाल्या माणसाला हे कसं परवडलं, हा प्रश्न गावाने विचारला आणि पुढे बिशपनेही विचारला. प्रश्न रास्तच होता.

उत्तर त्याच्या हिशेबाच्या वह्यांत आहे. वसईतल्या कॅथलिक घरांत वारलेल्या माणसाच्या नावाने मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधी मागतात आणि चर्चला दान देतात. फ्रान्समध्येही तोच रिवाज. धर्मगुरूने साधारण दिवसाला एक मिस्सा करायची आणि त्या एका मिस्सेचं दान घ्यायचं, असा नियम. सोनियेरने धार्मिक नियतकालिकांतून आणि पत्रं पाठवून दूरदूरच्या लोकांकडून मिस्सांची मागणी घेतली. फ्रान्समधून आणि फ्रान्सबाहेरून मनीऑर्डरी येऊ लागल्या. वह्यांत नावं, तारखा, रकमा, सगळं मांडलेलं आहे. एका माणसाच्या आयुष्यात होणं शक्यच नाही इतक्या मिस्सांचे पैसे त्याने घेतले. हे त्याच्या धर्माच्याच व्याख्येने पाप होतं आणि ते मुकाट चाललं, कारण पैसे पाठवणारा शेकडो मैलांवर होता आणि ज्याच्या नावाने ते पाठवले तो तर मेलेला.

कार्कासोनच्या धर्मप्रांतात बिय्यार बिशप होते तोवर कुणी खोलात गेलं नाही. त्यांच्यामागून आलेल्या बोसेजूर यांनी हिशेब मागितला. १९०९ मध्ये सोनियेरची बदली कुस्तूज गावी झाली. तो गेला नाही, त्याने राजीनामा दिला. १९१० मध्ये धर्मप्रांताच्या न्यायासनापुढे मिस्सांच्या व्यापाराचा खटला उभा राहिला आणि पुढच्या वर्षी त्याला निलंबित केलं गेलं. आपण बांधकामांवर १,९३,००० फ्रँक खर्च केले, असं त्याने स्वतः सांगितलं. रक्कम खेड्याच्या मानाने डोळे दिपवणारी आहे, पण ती अफाट गुप्तधनाची नाही. शेवटच्या वर्षांत त्याला कर्ज काढावं लागलं. २२ जानेवारी १९१७ रोजी तो गेला तो पैशांची ओढाताण मागे ठेवून. सोन्याच्या राशीवर बसलेला माणूस असा कर्जाच्या खिडकीशी उभा राहत नाही, एवढं तरी मान्य करायला हवं.

या सगळ्यात मला जास्त ओढ मारी देनार्नोची वाटते. सोनियेर आला तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती. पुढे घर, बाग, जमीन सगळं तिच्या नावावर. सोनियेर गेल्यावर ती जवळजवळ छत्तीस वर्षं त्याच डोंगरावर राहिली. एकटी बाई आणि एवढी मोठी वास्तू. १९४६ मध्ये तिने मालमत्ता कोर्ब्यूला दिली आणि कोर्ब्यू कुटुंबाने तिला अखेरपर्यंत सांभाळलं. मरण्यापूर्वी एक गुपित सांगीन, त्याने तुम्ही श्रीमंत व्हाल, असं ती म्हणायची, असं कोर्ब्यू सांगत असे. जानेवारी १९५३ मध्ये तिला झटका आला, वाचा गेली आणि ती वारली. तिचं बोलणं आपल्यापर्यंत येतं ते हॉटेल चालवणाऱ्या माणसाच्या तोंडून. तिचं स्वतःचं म्हणणं काय होतं, धन्याच्या वह्यांविषयी तिला काय ठाऊक होतं, हे तिला कुणी विचारून लिहून ठेवलं नाही.

१९५५ मध्ये व्हिला बेतानियात हॉटेल सुरू झालं. इतक्या उंचावर, इतक्या आडवाटेला गिऱ्हाईक येणार कसं? कोर्ब्यूने गोष्टच टेपवर भरली आणि जेवायला आलेल्यांना तो ती ऐकवू लागला. जानेवारी १९५६ मध्ये ‘ला देपेश द्यू मिदी’ या दैनिकाने ‘अब्जाधीश पाद्री’ म्हणून ती छापली. या पहिल्या आवृत्तीत खजिना होता तेराव्या शतकातल्या राणी ब्लांश द कास्तीयचा, संत लुईच्या आईचा. पुढे गोष्टीत जे शिरलं ते त्यात काहीच नाही : येशू नाही, मेरी मॅग्डालेनचा वंश नाही, भूमितीचं नावही नाही. बातमी फुटली तसे कुदळ-फावडी घेऊन लोक डोंगर चढू लागले. महाराष्ट्रात गुप्तधनाच्या नादाने पडक्या वाड्यांची जोती उकरणारी माणसं असतात, तशीच ही. काहींनी तर सुरुंग लावले. १९६५ मध्ये गावाने ठराव करून उत्खननावर बंदी घातली आणि वेशीवर तशी पाटी लागली.

याच १९५६ सालात, पाचशे किलोमीटरांपलीकडे स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या आन्मास शहरात, पिएर प्लांतार नावाच्या माणसाने एक संस्था नोंदवली : प्रायरी ऑफ सायन. नाव भारदस्त असलं तरी सायन म्हणजे जवळचाच एक डोंगर, आणि संस्थेच्या पत्रकात चर्चा असे ती स्वस्त घरांत राहणाऱ्या भाडेकरूंच्या हक्कांची. प्लांतारला १९५३ मध्ये विश्वासघाताच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. आपण फ्रान्सच्या प्राचीन मेरोव्हिंजियन राजवंशाचे वारस आहोत, हे त्याचं जन्माचं स्वप्न. ते खरं करायला त्याला इतिहासात एक भोक हवं होतं, आणि कोर्ब्यूच्या गोष्टीत ते त्याला मिळालं. पाद्र्याला सोनं नव्हे, कागद सापडले. आणि त्या कागदांत राजवंशाचं रहस्य आहे, असं त्याने ठरवलं.

कागद मग तयार करण्यात आले. ते केले प्लांतारचा मित्र फिलिप द शेरिसे याने. हा सरदार घराण्यातला, शब्दकोड्यांचा शौकीन माणूस. लेखक जेरार द सेद याने १९६७ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्यात या कागदांची चित्रं छापली. त्याच वर्षी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘दोसिए सेक्रे’ म्हणजे गुप्त कागदपत्रं या नावाचं एक बाड दाखल झालं. प्रायरीच्या प्रमुखांच्या यादीत तिथे लिओनार्दो दा विंची, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो बसलेले होते. ग्रंथालयात कुणीही काहीही जमा करू शकतं आणि पुढच्या माणसाला मात्र त्यावर ग्रंथालयाचा शिक्का दिसतो. या सबंध बनावातली ही सर्वांत हुशार चाल. पुस्तकाच्या मानधनावरून पुढे तिघांचं फाटलं आणि शेरिसेने कागद आपलेच असल्याचं सांगितलं. सोनियेरला सापडल्याची म्हणून सांगितलेली जुनी चर्मपत्रं कधीच समोर आली नाहीत.

१९६९ च्या उन्हाळ्यात एक इंग्रज लेखक कुटुंबासह फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांत सुट्टीवर होता. हेन्री लिंकन. टेलिव्हिजनसाठी लिहिणारा, नटही. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतली हिममानवाची कथा त्याने आणि मर्व्हिन हायस्मनने मिळून लिहिलेली. वेळ घालवायला त्याने द सेदच्या पुस्तकाची स्वस्त आवृत्ती घेतली. एका चित्रात बायबलचा लॅटिन मजकूर होता : शब्बाथच्या दिवशी येशूचे शिष्य शेतातली कणसं खुडतात तो प्रसंग. लिंकनच्या लक्षात आलं की त्यातली काही अक्षरं ओळीच्या किंचित वर चढलेली आहेत. तेवढीच अक्षरं क्रमाने लिहून काढली तर लॅटिनच्या पोटातून सरळ फ्रेंच वाक्य बाहेर येतं : हा खजिना राजा दागोबेर दुसरा याचा आणि सायनचा आहे, आणि तो तिथे मेलेला आहे. दागोबेर म्हणजे त्याच मेरोव्हिंजियन वंशातला राजा.

कोणालाही थरारून टाकील असा हा क्षण, आणि लिंकनचं आयुष्य त्याने बदललं. पण एक गोष्ट त्याला खटकली. लेखकाने चित्र छापलं, मग इतकं सोपं कोडं सोडवून का सांगितलं नाही? पुढे पॅरिसमध्ये त्याने द सेदला हे विचारलंही. उत्तर आलं ते असं, की तुमच्यासारख्या कुणाला ते स्वतः शोधायला आवडेल असं आम्हाला वाटलं. लिंकनने हे उत्तर लपवलं नाही, स्वतःच्या पुस्तकात छापलं. मला तो माणूस प्रामाणिक वाटतो तो यामुळे. मात्र त्या उत्तराचा उघड अर्थ त्याने घेतला नाही. जे शोधायला ठेवलेलं असतं ते सापडतंच. आपण होऊन सापडलेल्या गोष्टीवर माणूस जितका विश्वास ठेवतो तितका सांगितलेल्या गोष्टीवर ठेवत नाही, हे कोडं रचणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या कागदातलं कोडं याहून किचकट होतं. ते सोडवायला एका थडग्यावरचा लेख, अक्षरं पुढे-मागे सरकवण्याचा तक्ता आणि बुद्धिबळाच्या पटावर घोड्याची चाल एवढं सगळं लागतं. घोड्याच्या चालीने अक्षरं वाचायची कल्पना आपल्याकडे नवव्या शतकातच रुद्रटाच्या ‘काव्यालंकारा’त तुरगपदबंध म्हणून आलेली आहे, त्यामुळे संस्कृत चित्रकाव्य जाणणाऱ्याला तिचं अप्रूप कमी वाटेल. उलगडलेल्या वाक्यात चित्रकार निकोला पूसँचं नाव होतं, त्याच्याकडे किल्ली आहे असं.

बीबीसीची ‘क्रॉनिकल’ ही मालिका १९६६ पासून चालू होती, आणि तिचा मान मोठा होता. इंग्लंडमधल्या सिल्बरी टेकडीचं उत्खनन या मालिकेच्या पाठबळावर झालेलं. अशा मालिकेत १९७२ मध्ये लिंकनचा ‘द लॉस्ट ट्रेझर ऑफ जेरुसलेम?’ झाला, १९७४ मध्ये ‘द प्रीस्ट, द पेंटर अँड द डेव्हिल’, १९७९ मध्ये ‘द शॅडो ऑफ द टेम्पलर्स’. प्रेक्षकांनी ते उचलून धरले. पहिल्या माहितीपटाच्या शीर्षकालाच प्रश्नचिन्ह होतं. तिसऱ्यापर्यंत येताना प्लांतार स्वतः पडद्यावर राजवारसाच्या थाटात बसलेला दिसतो. या सात वर्षांत खजिन्याची गोष्ट वंशाची गोष्ट झाली, आणि पुरातत्त्वाची मालिका म्हणून मिळवलेला विश्वास एका बनावट वंशावळीच्या मागे उभा राहिला. संपादकांनी मूळ कागद पाहायला मागितले असते तर? एवढी एक मागणी पुरेशी होती.

पूसँचं चित्र लूव्रमध्ये आहे. १६३८ च्या आसपासचं. तीन मेंढपाळ आणि एक स्त्री एका थडग्याभोवती उभे आहेत, त्यावरची अक्षरं बोटाने चाचपत : एट इन आर्केडिया एगो. आर्क गावाच्या वाटेवर, ले पोंतील या जागी हुबेहूब तसंच थडगं आहे, असं दाखवणारे फोटो लिंकनला द सेदकडून मिळाले. लिंकनला मागची डोंगररेषासुद्धा तीच भासली. पण ते थडगं विसाव्या शतकातलं होतं, पूसँ तर १६६५ मध्येच वारला. शिवाय पूसँने हाच विषय दहा-अकरा वर्षं आधीही रंगवला होता आणि त्यात थडग्याचा आकार वेगळाच आहे. त्याही आधी इटलीत ग्वेर्चिनोने तेच शब्द वापरलेले. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या त्रासाला कंटाळून जमिनीच्या मालकाने १९८८ मध्ये ते थडगं पाडून टाकलं.

पूसँभोवती एक खरा जुना कागद आहे हे मात्र सांगायलाच हवं. १६५६ मध्ये धर्मगुरू लुई फुकेने रोमहून आपला भाऊ निकोला, म्हणजे चौदाव्या लुईचा अर्थमंत्री, याला पत्र लिहिलं. राजांनाही ज्या गोष्टी पूसँकडून काढून घेणं जड जाईल अशा गोष्टींबद्दल आपलं त्याच्याशी बोलणं झालं, असं त्यात आहे. रोममधून प्राचीन शिल्पं मिळवण्याच्या उद्योगात लुई तेव्हा होता, हे लक्षात घेतलं की पत्र कळतं. रेनच्या डोंगराचा त्यात उल्लेखही नाही.

आणि इथून भूमिती सुरू होते. रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे ख्रिस्तोफर कॉर्नफर्ड यांना लिंकनने पूसँच्या चित्राची रचना तपासायला सांगितली. त्यांना चित्राच्या मांडणीत पंचकोनाचं माप दिसलं, काही रेषा तर चौकटीबाहेर जाणाऱ्या. पूसँसारख्या शिस्तीच्या चित्रकाराने मांडणीला भूमितीचा आधार घेणं अजिबात अशक्य नाही. लिंकनने पुढचं पाऊल टाकलं : चित्रात पंचकोन असेल तर जमिनीवरही असेल. नकाशा पसरून त्याने रेन-ल-शातो, ब्लांशफोर आणि बेझ्यू ही तीन उंच ठिकाणं जोडली. समद्विभुज त्रिकोण आला आणि त्याचा शिरकोन ३६ अंशांचा. नियमित पंचकोनातल्या ताऱ्याचं प्रत्येक टोक ३६ अंशांचंच असतं. अशा त्रिकोणाची लांब बाजू आखूड बाजूच्या १.६१८ पट भरते, तेच ते सुवर्ण गुणोत्तर. उरलेले दोन कोपरे कुठे यायला हवेत हे त्याने काढलं आणि त्या जागी त्याला आणखी दोन शिखरं मिळाली. पाच डोंगर, एक पंचकोन. त्याचं म्हणणं, निसर्गाची ही करामत प्राचीन लोकांनी ओळखली आणि चर्च, किल्ले, वाटा त्याच जाळ्यावर बसवल्या. १९९१ च्या ‘द होली प्लेस’ या पुस्तकात त्याने हे सविस्तर मांडलं. पुढे डॅनिश लेखक अर्लिंग हागेन्सेनबरोबर त्याने बाल्टिक समुद्रातल्या बॉर्नहोम बेटावरच्या गोल चर्चांनाही तीच भूमिती लावली.

या पंचकोनाला भुलणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. तो दिसायला खरोखर सुंदर आहे. म्हणूनच त्याचा हिशेब नीट करायला हवा. त्या मुलखात शिखरं, किल्ले, चर्च, पडके बुरूज अशी फक्त चाळीस ठिकाणं धरा. प्रत्यक्षात कितीतरी जास्त आहेत. चाळीस ठिकाणांतून दोन-दोनांच्या ७८० रेषा निघतात. तीन-तीनांचे त्रिकोण ९,८८०. आणि पाच-पाच ठिकाणांचे संच ६,५८,००८. साडेसहा लाखांवर संचांतला एखादा पंचकोनाच्या जवळ जाणारा नसता तर आश्चर्य. त्यात १:५०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. शिखराचा माथाही रुंद असतो, त्यातला कोणता बिंदू धरायचा हे आखणारा ठरवतो. किल्ला धरायचा की चर्च, तेही तोच ठरवतो. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड वॉटकिन्सने १९२५ च्या पुस्तकात सरळ रेषांत बसणाऱ्या प्राचीन स्थळांचं जाळं मांडलं होतं, त्याच्यावरही हाच आक्षेप आला.

याहून बोलका पुरावा भूमितीवाल्यांच्याच पुस्तकांत आहे. १९८५ मध्ये डेव्हिड वुडने याच नकाशावर वर्तुळं आणि तारे काढले आणि त्याला इजिप्तची इसिस देवी दिसली. १९९६ मध्ये रिचर्ड अँड्र्यूज आणि पॉल शेलेनबर्गर यांनी त्याच कागदांतून आणि चित्रांतून चौकोन-त्रिकोण काढत कार्दू डोंगर गाठला आणि तिथे येशूचं शरीर पुरलं आहे असं जाहीर केलं. तोच मुलूख, तेच कागद, तीच मोजपट्टी. देवता निराळी, जागा निराळी. कोणत्याही दिशेला नेता येते ती पद्धत कुठल्याच जागेचा पत्ता देत नाही.

कागद खोटा ठरवता येतो. कुणी लिहिला, कधी लिहिला, मूळ प्रत कुठे आहे, असे प्रश्न विचारता येतात. शेरिसेने कबुली दिली आणि तो विषय तिथे मिटला. १९९३ मध्ये एका आर्थिक घोटाळ्याच्या तपासात न्यायाधीश तिएरी जां-पिएर यांनी प्लांतारला बोलावलं, घराची झडती घेतली आणि प्रायरीचं सगळं आपण रचलेलं आहे असं त्याने शपथेवर सांगितलं. पंचकोनाला कबुली द्यायला कुणी लेखक नाही. त्यामुळे कागद फाटले तरी लिंकनची भूमिती उभी राहिली. खजिना सोन्याचा नाही, ही आकृतीच खजिना आहे, असं तो सांगत राहिला. २०२२ मध्ये तो वारला तोवर त्याने ती सोडली नाही.

बीबीसीने आपली बाजू नंतर सावरली हे तिच्या श्रेयात जमा करायला हवं. १९९६ मध्ये ‘टाइमवॉच’ मालिकेत ‘द हिस्टरी ऑफ अ मिस्टरी’ हा माहितीपट झाला. कागदांची बनावट, प्लांतारचा भूतकाळ, भूमितीची ओढाताण, सगळं त्याने पडद्यावर मांडलं. स्वतःच्याच संस्थेने एकेकाळी पसरवलेली गोष्ट असं उघड तपासणं सोपं नसतं. पण तोवर एका पुस्तकालाच चौदा वर्षं लोटली होती. १९८२ मध्ये लिंकन, मायकेल बेजंट आणि रिचर्ड ली यांचं ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ आलं होतं आणि येशूच्या वंशाची कल्पना जगभर गेली होती. २००३ मध्ये डॅन ब्राउनने तिच्यावर ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी उभी केली. तिच्यातल्या पहिल्याच बळीचं नाव सोनियेर. बेजंट आणि ली यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात कल्पना चोरल्याचा दावा लावला आणि २००६ मध्ये ते हरले. लिंकन त्या दाव्यात नव्हता. आम्ही मांडला तो इतिहास आहे, असं म्हणणाऱ्या लेखकांपुढे तिथे पेच उभा राहिला, कारण इतिहासातल्या घटनांवर कुणाची मालकी नसते. त्याच वर्षी त्या कादंबरीवरचा चित्रपट भारतात आला तेव्हा मुंबईत ख्रिस्ती संघटनांनी निदर्शनं केली, आणि ही कथा काल्पनिक आहे अशी सूचना दाखवण्याच्या अटीवर, प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र देऊन तो दाखवला गेला. खेड्यातल्या हॉटेलच्या टेपवर सुरू झालेली गोष्ट पन्नास वर्षांत तिथवर पोचली होती.

रेन-ल-शातोला आता वर्षाला हजारो लोक जातात. २००४ मध्ये सोनियेरचे अवशेष गावच्या दफनभूमीतून काढून त्याच्याच बागेत, काँक्रीटच्या पेटीत पुन्हा पुरावे लागले, कारण कबर उकरली जाईल अशी भीती होती. सैतान दारात आहे, बुरूज कड्यावर आहे. पूर्वीच्या माहितीपटांनी हेच पुन्हा पुन्हा टिपलं, आणि ते टिपण्याजोगं आहेही. मला बघायचाय तो माहितीपट मिस्सांच्या वह्यांवरचा. पानं एकेक करून पडद्यावर यावीत : कुणाच्या नावाने, कुठून, किती फ्रँक. पाठवणाऱ्यांची गावं नकाशावर मांडावीत, त्या गावच्या चर्चच्या दप्तरांतून मृतांची नावं शोधावीत, आणि त्यांच्या माणसांनी ज्या प्रार्थनेचे पैसे मोजले ती कधी झाली का, हे तारीखवार तपासावं. मारी देनार्नोच्या नावावरची जमिनीची खरेदीखतंही त्यांच्या शेजारी ठेवावीत. ही फसवणूक खरी होती, तिची माणसं खरी होती, आणि तिचे कागद अस्सल आहेत.